सोळा पेट्यांचे बिऱ्हाड

ज्याचे घर आणि कचेरी दोन्ही आबिड्ससारख्या भरबाजारात आहेत, त्याने घरात कोणतीही वस्तू आणली तरी तिचा भाव चारचौघांना सांगावा लागतो, असा येथील अलिखित कायदा आहे. गेल्या वर्षी आमच्या अरुंद जिन्याने एकामागून एक सोळा लाकडी पेट्या वर चढल्या, तेव्हा या कायद्याची अंमलबजावणी तत्काळ सुरू झाली. "केवढ्याला पडले?" या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी पावतीच्या रूपाने तयार होते. त्यामागोमाग येणाऱ्या "पण कशाला?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र पावती पुरी पडत नाही. त्याचे उत्तर तोंडी देऊन आम्ही थकलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेट्यांमध्ये ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आहेत. एकूण ११८४. सगळ्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. त्या लंडनहून आल्या आणि आम्ही त्यांतील एकही न पाहता, एकही न ऐकता, घाऊक विकत घेतल्या. कायद्याची पदवी घेतलेल्या, चाळिशी उलटलेल्या आणि 'खरेदीदाराने सावध असावे' हे सूत्र अशिलांना नित्य ऐकवणाऱ्या गृहस्थाने असे करावे, याचे आमच्या कनिष्ठ वकिलांना अद्याप नवल वाटते. शिवाय हल्ली शाळकरी मूलसुद्धा खिशातील फोनमधून अब्दुल करीमखाँसाहेबांचा सूर काढून दाखवते. जे फुकट ऐकू येते ते अडीचशे किलो वजनाच्या रूपात विकत घ्यावे, यात शहाणपण कोणते, असा घरातील मंडळींचाही सवाल होता.

आमच्या आबिड्सला जुन्या मालाचे वावडे नाही. या भागाचे नावच मुळी एका दुकानदारावरून पडलेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत असलेल्या आल्बर्ट आबिद यांनी येथे दुकान थाटले. दुकान गेले, निजामशाही गेली, नाव राहिले. आठवड्याचे सहा दिवस येथे नव्या मालाची घासाघीस चालते. रविवारी दुकानांच्या फळ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायरीशी, थेट कोठीच्या दिशेने, जुन्या पुस्तकांचा बाजार पसरतो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यापूर्वी तिकडची पुष्कळ मराठी मुले शिक्षणासाठी हैदराबादेस येत. त्यांच्या नावांची, त्यांच्या वसतिगृहांच्या शिक्क्यांची पुस्तके आम्ही या पदपथावर पुष्कळ वेचली. पुस्तकांच्या ढिगात क्वचित एखादी तबकडी सापडे. विक्रेता तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसून म्हणे, "साब, अँटिक है, सोच के बोलो." आम्ही सोचून बोलत असू आणि हवी ती एक घेऊन नको त्या चार परत ठेवीत असू. निवडून घेण्याची ही चैन आम्हांला वीस वर्षे अंगवळणी पडली होती.

लंडनच्या खरेदीत नेमकी तीच चैन नव्हती.

हकीगत अशी. कुलदेवतेच्या जत्रेला आम्ही गोव्यात गेलो असता एका स्नेह्याने त्या कुटुंबाची गाठ घालून दिली. मूळ घर फोंडे महालातले. यजमान तरुणपणी नैरोबीस गेले, तेथे रेल्वेच्या हिशेबखात्यात लागले. केनिया स्वतंत्र झाल्यावर तेथील हिंदी लोकांचे पाय डळमळू लागले आणि १९६८ साली जी हजारो कुटुंबे इंग्लंडला गेली, त्यांत हेही एक. लोकांनी त्या प्रवासात भांडीकुंडी नेली, सोनेनाणे नेले; या गृहस्थांनी तबकड्या नेल्या. पुढे ते वारले. पत्नी आता अठ्ठ्याऐंशीच्या घरात. त्यांना आम्ही माई म्हणतो. मुलांना तबकड्यांत रस नाही, राहते घर विकून लहान जागेत जायचे आहे, आणि म्हणून पेट्यांचा निकाल लावायचा आहे, इतका साधा मामला होता.

आम्ही दूरध्वनीवरून मोठ्या अदबीने विचारले की, यादी पाठवाल तर त्यातील शंभर-दीडशे निवडून घेऊ, चांगला भाव देऊ. पलीकडून उत्तर आले, "वकीलबाब, व्हरात जाल्यार सगळेंच व्हरात. हीं कांय बाजारांतलीं वायंगीं न्हय, वेंचून घेवपाक."

माईंच्या या हट्टामागे एक अनुभव होता, तो त्यांनी नंतर सांगितला. आमच्या आधी युरोपातील एक व्यापारी घरी येऊन गेला होता. त्याने दोन तास पेट्या उपसल्या आणि फक्त तीस तबकड्या बाजूला काढल्या. त्या तीस तबकड्यांचे तो जवळजवळ तेवढेच पैसे द्यायला तयार होता, जेवढे आम्ही पुढे सगळ्यांचे दिले. त्या तिसांत बालगंधर्व नव्हते, हिराबाई नव्हत्या. त्यांत होते मुंबईच्या हॉटेलांत वाजणारे जाझ. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे आपलेच गोमंतकीय. त्यांच्या ट्रम्पेटच्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. बाकीच्या ११५४ तबकड्यांचे काय करायचे, असे माईंनी विचारले, तेव्हा त्याने खांदे उडवले. माईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेस लावले.

आमच्याकडून त्यांना भाव वाढवून नको होता. एकच अट होती, संग्रह फोडायचा नाही. आम्ही पडलो वकील. आम्ही त्यांना प्रामाणिकपणे समजावले की, मालकी एकदा हस्तांतरित झाल्यावर घेणाऱ्याने ती वस्तू कोणाला देऊच नये असे सर्वस्वी बंधन घालणारी अट आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या दहाव्या कलमाने निरर्थक ठरते. तुम्ही करारात लिहिलेत तरी उद्या आम्ही ती मोडली तर न्यायालयात तुमचा निभाव लागणे कठीण. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "कागद नाका. तुमी तोंडान सांगलें, पुरो." वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही शेकडो करारनामे लिहिले; परंतु इतका पक्का दस्तऐवज आमच्या हातून क्वचित झाला असेल.

पुढील सहा-सात महिन्यांचा वृत्तांत रुक्ष आहे, तो आटोपता घेतो. परदेशातून जुनी, वापरलेली वस्तू मागवणे हे आपल्या परदेश व्यापार धोरणात 'निर्बंधित' सदरात मोडते. यंत्रसामग्री नसलेल्या वापरलेल्या मालाला परवाना लागतो. प्रवासी आपल्या सामानातून चार तबकड्या आणतो ती गोष्ट निराळी, सोळा पेट्या मागवणे निराळे. आम्ही अर्ज केला, खुलासे केले, पुन्हा खुलासे केले. दुसरा प्रश्न जोखमीचा. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, उभयतांनी वेगळे ठरवले नसेल तर मालकी ज्याच्याकडे गेली त्याच्याकडेच नुकसानीची जोखीमही जाते. म्हणजे लंडनच्या गोदीपासून पुढे जी तबकडी फुटेल ती आमची फुटेल. लाखेची तबकडी काचेच्या स्वभावाची असते. पडली की जोडता येत नाही. म्हणून प्रत्येक पेटीत तबकड्या उभ्या, एकमेकींना टेकून, घट्ट भरल्या गेल्या. भरण्याचे काम माईंच्या नातवाने केले आणि ते उत्तम केले. त्रेचाळीस फुटल्या, एवढ्यावर निभावले.

माल सोडवून घ्यायला गेलो तेव्हा तेथील तरुण अधिकारी पेटी उघडून बराच वेळ पाहत राहिला. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला 'करोडगिरी' म्हणत, आणि त्या नावाचा धाक आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेला. या अधिकाऱ्याने कागद तपासले, किमतीविषयी दोन प्रश्न केले, आणि मग आवाज खाली आणून विचारले, "साब, इसमें घंटसाला का कुछ है क्या?" घंटसालांचे काही नव्हते. तो खरोखरच हिरमुसला. कर आम्ही पूर्ण भरला.

आता पेट्यांत काय निघाले ते सांगतो.

संग्रह म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे रत्नभांडार उभे राहते. तसे ते नाही. अर्ध्याहून अधिक तबकड्या चित्रपटगीतांच्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळ कोणत्याही जुन्या बाजारात मिळाव्यात अशा. भजने आहेत, कीर्तनाचे तुकडे आहेत, विनोदी संवाद आहेत, तियात्रातील कोंकणी गाणी आहेत, इंग्रजी नाचाच्या चाली आहेत. मराठी नाट्यपदे तीनशेच्या आसपास. भावगीतांत जी. एन. जोशी भरपूर. हे गृहस्थ आमच्याच पंथातले, कायद्याचे पदवीधर. त्यांनी वकिलीपेक्षा गाणे पत्करले, भावगीत तबकडीवर रुजवले आणि पुढे ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून अनेक वर्षे काढली. त्यांचा फोटो कचेरीत लावावा असे आम्हांला कधी कधी वाटते. रागदारीच्या तबकड्या सत्तर भरतील.

परंतु खरी ठेव निघाली ती सोळाव्या पेटीच्या तळाशी. रेल्वेच्या हिशेबखात्यातील लांबट खातेवही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुवाच्य मोडवळणी अक्षर. प्रत्येक तबकडीचा अनुक्रमांक, कंपनी, गायक, राग किंवा नाटक, कोठे घेतली, किती शिलिंगांना. याच्यापुढे एक रकाना आहे, तसा आम्ही दुसऱ्या कोठल्याही सूचीत पाहिला नाही: 'कोणी मागितली.' नैरोबीत रविवारी दुपारी त्यांच्या घरी आपली माणसे जमत. कोणी कोणते गाणे पुन्हा लावायला सांगितले याची नोंद आहे. नावे येथे देण्याचे कारण नाही. पण एक शिंपी दर वेळी एकच नाट्यपद मागतो, एक बाळंतीण भूपाळी मागते, कोणी एक डॉक्टर दोन वर्षे काही मागत नाही आणि मग एके रविवारी सलग पाच तबकड्या मागतो. हिशेबनिसाने त्यावर भाष्य केलेले नाही. फक्त नोंद केली आहे.

या वहीमुळे वेचून घेणे आणि सगळे घेणे यांतील अंतर आम्हांला कळले. तो युरोपीय व्यापारी तीस तबकड्या घेऊन गेला असता तर त्या तीस सुखरूप राहिल्या असत्या, कदाचित आमच्यापेक्षा अधिक निगुतीने. वही मात्र मोडकळीच्या कागदांत गेली असती, कारण उरलेल्या तबकड्यांवाचून तिला अर्थ नाही. हिशेब समजण्यासाठी जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लागतात. ज्या तबकड्या आम्ही पदपथावर परत ठेवल्या असत्या, त्यांच्याच कडा सर्वांत जास्त झिजल्या आहेत. तबकडीची काळी तुकतुकी जेथे करडी पडते तेथे सुई सर्वाधिक फिरलेली असते. नैरोबीतील माणसांनी काय जपून ठेवले याची साक्ष सत्तर रागदारीच्या तबकड्या देतात, आणि काय ऐकून ऐकून झिजवले याची साक्ष त्या स्वस्त चित्रपटगीतांवर आहे. फोनमधील फुकट गाण्याला झीज नसते.

जगात याहून कितीतरी मोठ्या खरेद्या होतात. ब्राझीलमधील साव पावलो येथील झेरो फ्रेइतास नावाचे बस-व्यावसायिक जगभरचे संग्रहच्या संग्रह विकत घेतात, त्यांच्याकडे लक्षावधी तबकड्या आहेत, असे २०१४ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील पॉल मॉव्हिनी यांचा प्रचंड संग्रहही त्यांनीच घेतला. त्यांच्यापुढे आमच्या सोळा पेट्या म्हणजे समुद्रातील पसा. तरीही हिंदुस्थानी तबकडीच्या इतिहासाचा मोठा वाटा परक्यांनी आणि हौशी माणसांनीच सांभाळला, हे मान्य केले पाहिजे. १८९९ ते १९०८ या काळातील आपल्याकडील ध्वनिमुद्रणांची शिस्तवार सूची केली ती ऑस्ट्रेलियातील मायकेल किनियर यांनी. ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ साली छापली. मुंबईच्या 'यंग इंडिया' या स्वदेशी छापाच्या तबकड्यांचे जतन झाले ते आपल्याकडील संग्राहकांच्या संस्थेने पदरमोड करून, ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने.

आणि लाखेचा प्रवास तर पाहा. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर पोसणाऱ्या किड्याची ही लाख. जगभरच्या तबकड्यांना ती मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला, गौहरजानचे गाणे त्याने मेणावर उतरवले, आणि मग ते मेण जर्मनीतील हॅनोव्हर येथे गेले. तेथे आपल्याच लाखेवर आपलेच गाणे उमटून तबकडी पुन्हा आपल्या बाजारात आली. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत असाच क्रम होता. गाणे संपता संपता गौहरजान इंग्रजीतून आपले नाव पुकारी. परदेशी कामगारांना तबकडीवर कोणाचे नाव छापायचे हे कळावे म्हणून ही रीत पडली, असे सांगतात.

या नाव पुकारण्यापाशी आम्ही पुष्कळ दिवस अडून राहिलो आहोत. आपल्या या मासिकाच्या वाचकांशी त्याविषयी थोडे मोकळेपणाने बोलावेसे वाटते.

आमच्या व्यवसायामुळे देवस्थानांचे जुने जमाखर्च आमच्या हाताखालून गेले आहेत. आम्ही पाहिलेल्या दोन-चार वह्यांत पालखीपुढील गायनाबद्दल दिलेल्या तांदळाची, नारळाची नोंद होती. गाणारीचे नाव नव्हते. तबकडीवर मात्र नाव आहे. 'आग्र्याची जोहराबाई', 'अलाहाबादची जानकीबाई', 'पुण्याची सुंदराबाई', गावासकट. आणि आपल्या गोव्याच्या स्त्रियांनी तर गावच आडनावात बांधले. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या. दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेबांनी स्वतःचा आवाज तबकडीला दिला नाही. त्यांची गायकी तबकडीवर आली ती शिष्यांच्या कंठातून. देवळाच्या सभामंडपात ज्या घराण्यांतील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या सेवा केली, त्यांच्यापैकी एकीचे नाव जर्मन, इंग्रज आणि बंगाली कारकुनांनी नीट लिहून ठेवावे आणि आमच्या वहीत त्याच सेवेपुढे नारळांची संख्या तेवढी असावी, हे वाचून आम्ही वही मिटली आणि बराच वेळ दुसरे काम केले नाही.

केसरबाईंचा तर पल्लाच मोठा. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने सूर्यमालेबाहेर जाण्यासाठी सोडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीवरील सत्तावीस संगीतरचना आहेत आणि त्यांत केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. यान २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबरला सुटले, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. परंतु आम्हांला त्यातील निराळीच गोष्ट मोलाची वाटते. ही तबकडी निवडणाऱ्यांना ती बाजारात मिळेना. शेवटी अॅन ड्रुयान या बाईंना न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर एका हिंदी कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. ताऱ्यांकडे जाणारा आवाज मिळाला तो कोणा परदेशस्थ दुकानदाराने फेकून न दिलेल्या खोक्यातून. त्याने निवडून काय ठेवले होते कोण जाणे; खोके ठेवले होते एवढे खरे.

आमच्या पेट्यांत केसरबाईंच्या दोन तबकड्या आहेत. एक निर्दोष. दुसरीला कडेपासून नावाच्या कागदापर्यंत केसासारखी चीर आहे. ती लावली की दर फेऱ्याला एक टिचकी वाजते, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. दहा-बारा आवर्तनांनंतर कान ती टिचकी सोडून देतो.

संग्रह न फोडण्याचे वचन पाळायचे तर तो आमच्या मरणानंतरही एकत्र राहिला पाहिजे, आणि ते खासगी घरात होत नाही हे वाटण्यांचे दावे चालवणाऱ्याला सांगायला नको. म्हणून आम्ही परिचयाच्या एका धार्मिक संस्थेच्या कार्यकारी मंडळाला लिहिले की, एक कोरडी खोली आणि लाकडी फळ्या द्या. तबकड्या, वही आणि त्या वाजवण्याचे यंत्र आम्ही विनामूल्य देतो, देखभालीचा खर्चही देतो. बैठकीस बोलावले गेले. खोलीत सध्या पंगतीची तांब्याची भांडी असतात, ही अडचण समजण्यासारखी होती. परंतु एका सभासदाने विचारले, "या गाणाऱ्या बायकांच्या तबकड्या देवाच्या वास्तूत कशाला?"

आम्ही उत्तर दिले ते येथेही देतो. मोगूबाईंच्या कुर्डी गावावर साळावली धरणाचे पाणी आले, तेव्हा तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ दगड न् दगड सुटा करून दुसऱ्या जागी पुन्हा उभारण्यात आले. दगड वाचवावेत यावर कोणाचे दुमत नव्हते, नसावेही. मग त्याच गावच्या कंठातील स्वराला तांब्याच्या हंड्याइतकी जागा मागितली तर ती अधिक झाली काय? ज्या सेवेसाठी देवाने त्यांना सभामंडपात उभे केले, तीच सेवा लाखेवर उतरली म्हणून विटाळली कशी? सभेत शांतता पसरली. ठराव 'पुढील बैठकीत विचारार्थ' म्हणून ठेवण्यात आला. पुढील बैठक अजून झालेली नाही. बाहेर पडताना एक वयोवृद्ध सभासद आमच्यामागे जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "केसरबाईंची आहे काय हो त्यात?" आम्ही त्यांना येण्याचे आमंत्रण दिले. ते आले. तीन वेळा आले आहेत.

मध्यंतरी त्या युरोपीय व्यापाऱ्याचे पत्रही आले. त्याला आमचा पत्ता कसा मिळाला ते कळले नाही. चिक चॉकलेटच्या एका तबकडीसाठी त्याने जी रक्कम देऊ केली, तीत आमचा जहाजभाड्याचा आणि कराचा सगळा खर्च निघून वर काही उरले असते. घरातील मंडळींनी ते पत्र वाचले, आमच्याकडे पाहिले, आणि चहा करायला निघून गेली. आम्ही नकार कळवला. आम्हांला त्या पत्राचा मोह झाला नाही असे म्हणणार नाही; मुलाच्या महाविद्यालयाची फी त्याच आठवड्यात भरायची होती.

तबकड्यांचे आवाज सर्वांना मोकळे करावेत, हा विचार कायद्याच्या कसोटीवरही उतरतो. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावरील कंपनीचा हक्क संपला. गीताच्या आणि चालीच्या कर्त्याचा हक्क निराळा, तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, म्हणून प्रत्येक तबकडी स्वतंत्रपणे तपासावी लागते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९२३ ते १९४६ मधील ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे कुंपण आहे. तेव्हा १९३० नंतरच्या दशकातील एकच तबकडी आबिड्समध्ये मोकळी आणि न्यूयॉर्कमध्ये कुलपात, असा चमत्कार घडतो. संत तुकारामांच्या अभंगावर कोणाचाच हक्क नाही, ही आमच्या कामातील सर्वांत सोपी नोंद.

तूर्त तबकड्या आमच्या कचेरीतच आहेत. ज्या भिंतीवर 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे जुने खंड होते, ते सगळे निवाडे आता संगणकावर मिळत असल्याने खंड माळ्यावर गेले आणि त्यांच्या फळ्यांवर तबकड्या उभ्या राहिल्या. खंडांची जागा त्यांना जवळजवळ मापात बसली. आतापर्यंत नऊ पेट्या पुसून, वहीशी ताडून, संगणकात उतरवून झाल्या. ऊर्ध्वयुक्त पाणी, मऊ फडके, आणि मद्यार्काचा थेंबही नको, कारण मद्यार्काने लाख विरघळते; एवढे पथ्य पाळले की आवाज उघडतो. ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर अशा तबकड्या असतील त्यांनी त्या एकीवर एक आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात आणि वहीचा, पावतीचा, पाकिटावरील दुकानाच्या शिक्क्याचा कोणताही कागद टाकू नये.

रविवारी दुपारी कचेरी उघडी असते. पदपथावरील पुस्तकबाजार करून येणारे चार-सहा जण बसतात. नैरोबीची वही टेबलावर असते आणि तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर आम्ही तोच रकाना पुढे चालू ठेवला आहे. माईंना आम्ही महिन्यातून एकदा दूरध्वनी करतो. कोणी काय मागितले ते त्या विचारून घेतात. परवा त्यांनी स्वतः एक गाणे मागितले, यजमानांना न आवडणारे, त्यामुळे नैरोबीत कधी न लागलेले. वहीत ते ८१२ व्या क्रमांकावर आहे. बाराव्या पेटीत असावे. पेटी अजून उघडलेली नाही. ती या आठवड्यात उघडतो आहोत.